एमएसचं औषध ठरवताना डॉक्टरांशी कसं बोलावं

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मणक्यातल्या नसांना इजा करणारा, वर्षानुवर्षं चालणारा आजार. तो असलेल्या माणसाला न्यूरोलॉजिस्टच्या केबिनमध्ये फार तर दहा मिनिटं मिळतात. बाहेर बाकांवर कोकणातून, कर्नाटकातून पहाटे निघून आलेली माणसं ताटकळत असतात आणि डॉक्टरांनाही ते दिसत असतं. तेवढ्या वेळात पुढची कित्येक वर्षं घ्यायचं औषध ठरतं.

मी सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. हा आजार माझ्याबरोबर बरीच वर्षं आहे. उपचार मिरजेला चालू आहेत, आणि औषध बदलायची वेळ आली तेव्हा पुण्यालाही दाखवून आले. ज्यांना नुकतंच एमएस सांगितलंय किंवा ज्यांचं औषध बदलायचं घाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत ठाम आहे: औषधातलं डॉक्टरांना कळतं, पण ते ज्या घरात, ज्या पगारात, ज्या उन्हात घ्यायचं ते आपल्यालाच ठाऊक असतं. आपण तोंड उघडलं नाही तर निर्णय अर्ध्या माहितीवर होतो.

जाण्याआधी एक कागद

फाईल कितीही जाड असली तरी डॉक्टरांच्या हातात आधी एकच कागद द्या. त्यावर तीन गोष्टी असाव्यात: मागच्या भेटीनंतर नवीन काय झालं, सध्या कोणतं औषध किती घेताय, आणि आज तुम्हाला काय विचारायचंय. प्रश्न जास्त असतील तर सर्वांत महत्त्वाचे दोन वर लिहा. बाकीचे राहिले तरी चालतील, हे दोन राहता कामा नयेत.

नवीन त्रास लिहिताना "पायात ताकद नाही", "अशक्तपणा वाटतो" असं लिहून डॉक्टरांना काही कळत नाही. माझ्या वहीतली एक नोंद देते: "१४ एप्रिल. दुकानाचा जिना चढताना उजवा पाय उचलायला जड. सहाव्या पायरीपासून कठडा धरला. संध्याकाळी घरी थोडं बरं. १५ ला सकाळी पुन्हा तसंच, १६ ला पण. ताप नाही." यात तारीख आहे, कोणता पाय ते आहे, किती वेळ टिकलं ते आहे, आणि काय करता आलं नाही तेही आहे. एमएसमधलं अपंगत्व मोजायची ईडीएसएस नावाची ० ते १० अशी मोजपट्टी आहे. तिच्या वरच्या अर्ध्या भागात बराच भर चालण्यावर असतो: न थांबता किती मीटर चालता, काठी लागते का. म्हणून घराजवळचा एकच रस्ता ठरवून ठेवा आणि महिन्यातून एकदा त्याच वेळी तो चालून बघा. "पूर्वी कोपऱ्यावरच्या दूध डेअरीपर्यंत सलग जायचे, आता मधे एकदा टेकावं लागतं" हे वाक्य डॉक्टरांच्या फार कामाचं असतं.

जे केबिनमध्ये बोलवत नाही

लघवीची घाई, लघवी कपड्यात होणं, बद्धकोष्ठता, नवरा-बायकोच्या संबंधातली अडचण, सतत रडू येणं, हिशेबातला आकडा डोक्यात न राहणं. हे सगळं एमएसमुळे होऊ शकतं आणि यातल्या बहुतेक गोष्टींवर काही ना काही करता येतं. पण आपल्याकडे केबिनमध्ये पुढचे दोन पेशंट आधीच येऊन उभे असतात आणि आपल्याबरोबर सासरे नाही तर मोठा दीर असतो. मग बाई काय सांगणार? आणि पुरुष तरी काय सांगणार?

यावर उपाय साधा आहे. असं काही असेल तर ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि कागदाबरोबर डॉक्टरांच्या समोर सरकवा. किंवा आत जातानाच नर्सला सांगा, "सिस्टर, मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय." माझ्या अनुभवात यावर कुणी नाराज झालं नाही. लघवीचा त्रास तर मुळीच लपवू नका. मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का हे साध्या सोनोग्राफीत कळतं. आत लघवी साठून राहिली तर जंतुसंसर्ग होतो, आणि संसर्ग झाला की हातापायांची जुनी दुखणी पुन्हा डोकं वर काढतात.

बरोबर एकच माणूस न्या, आणि कोण काय बोलणार ते घरीच ठरवा. माझे मिस्टर काळजीपोटी माझ्याआधी उत्तर द्यायचे. आता ठरलंय: त्रास मी सांगणार, डॉक्टर जे बोलतील ते हे लिहून घेणार.

एमएसच आहे ना?

हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. एमएस एका रक्ततपासणीत ठरत नाही. मेंदूच्या आणि मणक्याच्या एमआरआयमध्ये दिसणारे डाग, ते वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी आलेत का, पाठीतल्या पाण्याची तपासणी, आणि तुमची हकीकत हे सगळं जुळवून डॉक्टर निदान करतात. त्यासाठीचे मॅकडोनाल्ड निकष २००१ साली आले आणि नंतर वेळोवेळी सुधारले गेले.

माझी सुरुवात डाव्या डोळ्याने झाली. डोळा हलवला की दुखायचा आणि लाल रंग फिका दिसायचा. नेत्रतज्ज्ञांनी चष्म्याचा नंबर न देता सरळ न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांचे उपकार मोठे आहेत.

डोळ्याच्या नसेला सूज येणारे आणखी आजार आहेत. त्यातला एनएमओ, म्हणजे डोळ्याची नस आणि मणक्यातल्या नसा सुजवणारा एमएससारखाच पण वेगळा आजार, आपल्याकडे पाहायला मिळतो, आणि एमओजी अँटीबॉडीचा आजारही. त्यांच्या रक्ततपासण्या वेगळ्या असतात. हे विचारायचं कारण पक्कं आहे: इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही एमएसवरची औषधं एनएमओच्या माणसाला दिली तर आजार बळावू शकतो. म्हणून विचारा, "डॉक्टर, माझी अ‍ॅक्वापोरिन (ही एनएमओची) आणि एमओजीची तपासणी झालीय का? माझ्या बाबतीत ती लागते का?" लागत नसेल तर का नाही ते सांगतील. शिवाय एमआरआयचे फोटो स्क्रीनवर दाखवायला सांगा. डाग कुठे आहेत ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

हा अ‍ॅटॅक की ऊन?

एप्रिल-मे महिन्यात सांगलीत दुपारी पत्र्याच्या गोदामात उभं राहिलं की माझ्या डाव्या डोळ्यासमोर धुकं येतं. सावलीत बसून गार पाण्याने मान पुसली की तासाभरात जातं. अंग तापलं की जुन्या जखमी नसांतून संदेश नीट जात नाहीत, म्हणून असं होतं. त्याला नवीन अ‍ॅटॅक म्हणत नाहीत. नवीन किंवा पूर्वीपेक्षा वाढलेला त्रास चोवीस तासांपेक्षा जास्त सलग टिकला, आणि ताप किंवा संसर्ग नसेल, तर अ‍ॅटॅकची शंका घ्यायची. त्याआधी लघवी तपासून घ्यायची.

तब्येत चांगली असतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा: अ‍ॅटॅक वाटला तर कुणाला फोन करायचा, किती तासांत, रविवारी कुठे जायचं. खऱ्या अ‍ॅटॅकमध्ये बहुतेकदा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम असं ३ ते ५ दिवस सलाईनमधून देतात. शुगर किंवा बीपी असेल तर ते आधीच सांगा. स्टेरॉइडमुळे भरून येण्याचा वेग वाढतो, पण पुढचे अ‍ॅटॅक थांबत नाहीत. घरच्यांना हे समजावणं फार गरजेचं आहे, कारण सलाईन झालं, माणूस उठून चालायला लागला, की "आता कशाला ती महागाची गोळी?" असं हमखास ऐकायला मिळतं. पुढचे अ‍ॅटॅक टाळण्याचं काम कायमच्या औषधाचंच.

औषधाचं नाव निघण्याआधी स्वतःबद्दल सांगा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात कमी बोललं जातं.

डॉक्टरांनी नाव उच्चारायच्या आधी या गोष्टी त्यांच्या कानावर घाला: मूल हवंय का, आणि कधी. दर महिन्याला तपासणीला यायला जमेल का. घरी फ्रीज आहे का आणि वीज किती जाते. सुई स्वतः टोचून घ्याल का. पूर्वी टीबी किंवा कावीळ झाली होती का, घरात कुणाला टीबी आहे का. विमा आहे का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला जास्त भीती कशाची वाटते: आजार वाढण्याची की औषधाच्या दुष्परिणामाची? दोन्ही भीती खऱ्या आहेत, आणि माणसागणिक उत्तर वेगळं येतं.

मूल हवं असेल तर लाजू नका. लग्न ठरलेल्या मुलींनी तर पहिल्याच भेटीत सांगावं. एमएस आहे म्हणून आई होता येत नाही असं नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अ‍ॅटॅक कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा वाढू शकतात, म्हणून आखणी लागते. टेरिफ्लुनोमाइड ही एमएसवरची गोळी गरोदरपणात चालत नाही आणि ते शरीरातून लवकर जावं म्हणून वेगळं औषध द्यावं लागतं. फिंगोलिमोड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉनचा अनुभव या बाबतीत जास्त दिलासा देणारा आहे. औषध सुरू झाल्यावर "दिवस गेलेत" म्हणत धावण्यापेक्षा हे आधी बोललेलं बरं.

मग नावं येतात. इंटरफेरॉन आणि ग्लॅटिरामर ही जुनी इंजेक्शनं. इंटरफेरॉनने रात्री कणकण येते, अंग दुखतं. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये या औषधांनी अ‍ॅटॅक साधारण एक तृतीयांशाने कमी केले. हे ऐकल्यावर "एक तृतीयांश कशाचा?" असं विचारा. तीन वर्षांत तीन अ‍ॅटॅक येणार असतील तर सरासरीने दोन येतील, असा त्याचा अर्थ. धोक्याबद्दलही असंच विचारावं: "माझ्यासारख्या शंभर किंवा हजार माणसांनी हे घेतलं तर किती जणांना हा त्रास होतो?" "थोडा धोका आहे" या वाक्यावर कुणाला काहीच ठरवता येत नाही.

गोळ्यांमध्ये डायमिथाइल फ्युमरेटने चेहरा लाल होतो, पोटात जळजळ होते, म्हणून ती भरल्या पोटी, भाकरी खाऊन घ्यावी. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र मोजत राहाव्या लागतात. टेरिफ्लुनोमाइडला यकृताच्या तपासण्या लागतात, केस विरळ होऊ शकतात. फिंगोलिमोडचा पहिला डोस दवाखान्यात घेऊन सहा तास नाडीवर लक्ष ठेवतात, कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का ते आधी तपासतात, आणि ती गोळी अचानक सोडली तर आजार उसळून येऊ शकतो. नॅटालिझुमॅब फार गुणकारी आहे, पण जेसी विषाणूची अँटीबॉडी असलेल्यांना पीएमएल नावाच्या मेंदूच्या गंभीर संसर्गाचा धोका असतो. म्हणून ते सुरू करण्याआधी आणि नंतरही ती तपासणी करतात. ऑक्रेलिझुमॅब सहा महिन्यांतून एकदा सलाईनमधून देतात. सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या, म्हणजे प्रायमरी प्रोग्रेसिव्ह एमएससाठीही ते मंजूर आहे. रिटुक्सिमॅब त्याच जातीचं. मुळात कॅन्सरसाठी आलेलं हे औषध एमएससाठी अनेक ठिकाणी वापरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली ते एमएसच्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. भारतात बनलेलं रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळतं, त्यामुळे ते मूळ ब्रँडपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. या दोन्हींच्या आधी हिपॅटायटिस बी, टीबी आणि इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातली संसर्गाशी लढणारी प्रथिनं) यांच्या तपासण्या झाल्या का ते विचारा, आणि घ्यायच्या लसी आधीच घेऊन टाका.

काही डॉक्टर सौम्य औषधापासून सुरुवात करून गरज पडेल तसे वर जातात, तर काही पहिल्यापासून जोरदार औषध देतात. दोन्ही विचारांना आधार आहे. अलीकडे पहिल्यापासून जोरदार औषध देण्याकडे कल वाढतोय, आणि माझंही मन तिकडेच झुकतं, कारण नसांची झालेली झीज पूर्ण भरून येत नाही. पण तुमचे अ‍ॅटॅक किती, डाग कुठे, वय काय, यावर ते ठरतं. म्हणून तसंच विचारा.

मी आठवड्याच्या इंटरफेरॉनवर होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, वीज गेली, आणि फ्रीजमधली इंजेक्शनं मी रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये घालून विश्रामबागला नणंदेकडे नेली. बर्फ त्यांना थेट लागू दिला नाही, कारण ती गोठली तर वाया जातात. पुढच्या एमआरआयमध्ये दोन नवे डाग दिसले तेव्हा मी डॉक्टरांना हे पुराचंही सांगितलं. त्यांनी दोन पर्याय समोर ठेवले. "तुमच्या घरच्यांना कुठलं दिलं असतं?" हा प्रश्न बरेच जण विचारतात. मला तो फारसा उपयोगी वाटत नाही, त्यांचं घर वेगळं. मी विचारलं, "सर, चाळिशीतल्या, मूल झालेल्या, इंटरफेरॉनवर असताना नवे डाग आलेल्या बाईला यातलं आधी कोणतं द्याल, आणि का?" ते पेन ठेवून नीट बोलले. फ्रीज नको, सुई नको, सहा महिन्यांतून एक दिवस मिरजेत, आणि खर्च आवाक्यात, म्हणून आमचं रिटुक्सिमॅब ठरलं. दुसऱ्या कुणासाठी उत्तर वेगळं असेल.

पैशाचं उघड बोला. एका डोसची किंमत विचारून भागत नाही. तपासण्या, सलाईनच्या दिवसाचा बेड, एमआरआय धरून वर्षाचा आकडा विचारा. आणि "मधेच पैसे कमी पडून थांबलं तर काय होईल?" हे आवर्जून विचारा, कारण फिंगोलिमोड किंवा नॅटालिझुमॅब अर्धवट सोडणं जास्त घातक ठरू शकतं. भारतीय कंपनीचं तेच औषध आहे का, तेही विचारा. सरकारी आरोग्य योजनेत काही बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून कळेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्राबद्दल चौकशी करायला संकोच नको. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते. तिची शाखा पुण्यातही आहे, तिथे आपल्यासारखीच माणसं भेटतात.

काढा आणि हळद

मी हळदीच्या पेठेत काम करते, त्यामुळे "वैनी, रोज एक चमचा घ्या, सगळं जाईल" हे मला हमाल मामांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी मायेने सांगितलंय. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा. पण हळदीच्या कॅप्सूल, गुळवेलीचा काढा, कुणी पुडीत बांधून दिलेलं चूर्ण यातलं काहीही घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत, आणि आपल्या कित्येक औषधांचा भार आधीच यकृतावर असतो. "डॉक्टर ओरडतील" म्हणून लपवलं, तर तपासणी बिघडल्यावर चांगलं औषध विनाकारण बंद होतं.

पटलं नाही तर

हो म्हणून घरी येऊन औषध न घेणं, यासारखा वाईट मार्ग नाही. तिथेच सांगा: "सर, मला घरी बोलून सांगायचंय. चार दिवस थांबले तर काय बिघडेल?" क्वचितच बिघडतं. बिघडणार असेल तर ते तसं सांगतीलच. दुसरं मत हवं असेल तर लपूनछपून जाऊ नका. "पुण्यात एकदा दाखवून येते, चिठ्ठी द्याल का?" असं म्हटल्यावर आमच्या डॉक्टरांनी स्वतः सगळा सारांश लिहून दिला. दवाखान्यात दाखल झाला असाल तर तिथली कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत, असा २००२ च्या वैद्यकीय नियमावलीतला नियम आहे.

आणि औषध सुरू करताना एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. या औषधांनी आज बरं वाटत नाही. बधिरपणा, थकवा तसाच राहू शकतो, त्याचे उपचार वेगळे असतात. औषध लागू पडतंय की नाही हे अ‍ॅटॅक आणि नवे डाग यांवरून कळतं. म्हणून केबिनमधून उठण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती रक्ततपासणी कोणत्या महिन्यात, पुढचा एमआरआय कधी, आणि काय दिसलं तर औषध बदलायचं. एमआरआय जमेल तोवर त्याच सेंटरला काढा आणि जाताना जुनी सीडी बरोबर न्या. नुसता छापील रिपोर्ट समोर असेल तर नवा डाग कोणता आणि जुना कोणता, हे रेडिओलॉजिस्टना सांगता येत नाही.